पर्जन्यनोंदी आणि आज्ञांचा पडदा : शेलची ओळख व मांडणी

बेंगळुरूतील मल्लेश्वरमला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर आहे. तेथील संगणकशास्त्रज्ञांनी एन्कोर या कंपनीच्या साथीने २००१ मध्ये सिम्प्युटर हा हातात मावणारा संगणक पुढे आणला. तो लिनक्सवर चालत असे आणि कर्नाटकात भूमिअभिलेखांच्या कामीही वापरला गेला. सामान्य ग्रामस्थाला तो हाताळता यावा म्हणून आज्ञा चित्रांच्या आड ठेवलेल्या होत्या. विस्तार कार्यकर्त्याला आज त्या आड राहिलेल्या आज्ञाच उपयोगी पडतील, कारण त्याच्या संगणकात वर्षानुवर्षांच्या नोंदी साचल्या आहेत.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत युनिक्सचा आरंभ झाला. टंकलेली आज्ञा वाचून ती पार पाडणारा प्रोग्राम म्हणजे शेल. १९८९ मधला बॅश हा त्यांतील सर्वांत परिचित. ‘पीडब्ल्यूडी’ने आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत ते कळते, ‘एलएस’ने तेथील फाइली दिसतात, ‘सीडी’ने फोल्डर बदलतो. (येथे उच्चार दिले आहेत, टंकताना रोमन लिपीतील लहान अक्षरे वापरावीत.) एवढ्यावर पहिला दिवस निभावतो.

खरी गंमत आज्ञा जोडण्यात आहे. दरवर्षीची पर्जन्यनोंद वेगळ्या फाइलीत असली, तरी ‘ग्रेप’ त्या सर्वांतून एकाच केंद्राच्या ओळी वेचतो. उभ्या रेघेचे चिन्ह त्या ओळी ‘सॉर्ट’कडे सोपवते आणि सांगितलेल्या रकान्यानुसार क्रम लागतो. मात्र ‘सॉर्ट’ला ‘-एन’ हा पर्याय दिला नाही, तर १०० मिलिमीटर २० च्या आधी बसतात. आकडे देवनागरीत असतील, तर तो पर्यायही त्यांना संख्या मानत नाही. म्हणून मोजमापाचे रकाने रोमन अंकांत भरावेत. गावांच्या नावांत आणखी एक फसगत होते. कऱ्हाडमधील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे साठवला जातो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण ‘ग्रेप’ला दिसतो आणि निम्म्या नोंदी निमूट गळू शकतात. नावाऐवजी केंद्राचा क्रमांक शोधणे शहाणपणाचे.

रोजची लांबलचक आज्ञा पुन्हा टंकण्यापेक्षा तिला टोपणनाव द्यावे. त्याची जागा म्हणजे स्वतःच्या मुख्य फोल्डरमधील ‘.बॅशआरसी’ ही लपलेली फाइल. तेथे ‘एलियस’ने ठेवलेले नाव देवनागरीतही चालते, ‘पाऊस’ असे टंकताच नोंदींच्या फोल्डरमध्ये पोहोचता येते. बदल केल्यावर नवे टर्मिनल उघडावे.

सोयीपेक्षा संरक्षणाच्या ओळी अधिक मोलाच्या, आणि त्या आधी लिहाव्यात. ‘आरएम’ने पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही, ‘सीपी’ व ‘एमव्ही’ त्याच नावाच्या जुन्या फाइलीवर न विचारता नवी फाइल लिहितात. या तिघांनाही ‘-आय’ जोडलेली टोपणनावे दिल्यास त्या आज्ञा आधी विचारतात. निकाल फाइलीत उतरवणारे एकेरी ‘>’ चिन्ह जुना मजकूर पुसते, दुहेरी चिन्ह शेवटी भर घालते. ‘सेट -ओ नोक्लॉबर’ ही ओळ त्या एकेरी चिन्हाला आवर घालते. एकदा पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही, हे येथे विसरून चालणार नाही.

ही टोपणनावे फाइलीत लिहून चालवलेल्या आज्ञांना सहसा लागू होत नाहीत आणि दुसऱ्याच्या संगणकावर तर नसतातच. त्यामुळे नोंदींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी आणि तिच्यासोबत ‘.बॅशआरसी’चीही.