घरातले मांजर आणि जंत
(सामान्य विज्ञान व आरोग्य : पाठाचे टिपण)

पुष्कळ घरांत मांजर चुलीपाशी निजते आणि मुलांच्या ताटाशेजारी बसते. ते उंबरठ्याबाहेर फारसे जात नाही, म्हणून त्याला जंत होणार नाहीत, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. दार लावल्याने मांजर आत राहते. जंत बाहेर राहतोच असे नाही. तो कोणत्या वाटांनी आत येतो, हे मुलांना उलगडून दाखविणे हा या पाठाचा हेतू होय.

प्रस्तावना : आरंभ प्रश्नांनी करावा. मांजर आपले अंग कशाने स्वच्छ करते? घरात ते काय काय धरून खाते? पिल्लू प्रथम काय पिते? बाहेरून येणाऱ्या माणसाच्या वहाणांना काय लागलेले असते? मिळालेली उत्तरे फळ्यावर लिहून ठेवावीत. विषयाचे सारे धागे त्यांतच आहेत.

विवेचन : मांजराच्या आतड्यात आढळणाऱ्या जंतांपैकी दोन प्रकार मुलांना सांगावेत. गोलकृमी पांढुरका, दोऱ्यासारखा व ३ ते १० सेंटिमीटर लांबीचा असतो. पट्टकृमी फितीसारखा चपटा असून त्याचे शरीर अनेक खंडांचे बनलेले असते.

पहिली वाट आईच्या दुधाची. मांजरीच्या शरीरात दडलेले गोलकृमीचे सूक्ष्म डिंभ दुधावाटे पिलांच्या पोटात जातात. म्हणून घरात जन्मलेले पिल्लूही जंतमुक्त असेलच असे नाही.

दुसरी वाट उंदराची. जंतांची अंडी उंदराच्या पोटात गेली, की गोलकृमीचे डिंभ त्याच्या शरीरात राहतात आणि एका जातीच्या पट्टकृमीची अळी त्याच्या यकृतात वाढते. असा उंदीर खाल्ल्याने मांजरास बाधा होते.

तिसरी वाट पिसवांची. दुसऱ्या एका पट्टकृमीचे अंडी भरलेले खंड मांजराच्या गुदद्वारावाटे बाहेर पडतात. पिसूची अळी ती अंडी खाते, अळीची पिसू होते आणि अंग चाटताना मांजर ती पिसू गिळते. शेपटीखाली किंवा निजण्याच्या पोत्यावर तांदळाच्या दाण्यांसारखे कण दिसले, तर ते बहुधा हेच खंड होत.

चौथी वाट मातीची. गोलकृमीची अंडी विष्ठेतून पडताच बाधक नसतात. उबदार, ओलसर मातीत काही आठवड्यांनी ती बाधक होतात व पुढे कित्येक महिने टिकतात. वहाणांच्या मातीबरोबर ती घरात येतात, पंजाला लागतात, आणि मांजर पंजा चाटते.

आरोग्याशी संबंध : हीच माती मुलांच्या हातांनाही लागते. ही अंडी मुलाच्या पोटात गेल्यास त्यांतील डिंभ शरीरात भटकतात. क्वचित यकृतास, फुप्फुसांस वा डोळ्यास इजा करतात. डोळ्याची इजा कायमची ठरू शकते. हे सांगताना शिक्षकांनी तोल सांभाळावा. भीती घातली, तर मांजराला दगड बसतील किंवा ते गावाबाहेर सोडले जाईल. वाटा मात्र उघड्याच राहतील.

उपाय वाटांवरच योजावेत. अंडी बाधक होण्यापूर्वी, म्हणजे रोजच्या रोज, विष्ठा उचलून खेळण्याच्या व भाजीच्या जागेपासून दूर खोल पुरावी. मांजराचे अंथरूण गरम पाण्याने धुवावे. धान्य झाकून उंदरांचा उपद्रव कमी करावा. जेवणापूर्वी साबणाने हात धुवावेत. औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून, मांजराच्या वजनाप्रमाणे घ्यावे. कुत्र्यांसाठी केलेली पिसवांची काही औषधे मांजराला विषारी असतात. तसेच २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून दिली जाणारी गोळी माणसांच्या जंतांसाठी आहे. ती मांजरास देऊ नये, हे मुलांना आवर्जून सांगावे.

मूल्यमापन : शेवटी एक प्रश्न विचारावा. ‘कधीही घराबाहेर न गेलेल्या मांजराला पट्टकृमी झाला, तर घरात काय शोधाल?’ जो विद्यार्थी मांजराला घाणेरडे न म्हणता ‘पिसवा आणि उंदीर’ असे उत्तर देईल, त्याला पाठ समजला असे मानावे.