बहुला किल्ला मित्राला दाखवता येईल का?

प्रश्न : जपानमधला मित्र येतो आहे. तिकडे तिकीट काढले की किल्ला पाहता येतो. जवळच्या बहुला किल्ल्यावर त्याला सहज नेता येईल ना? – एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : आंबे बहुला गावाजवळचा हा किल्ला लष्कराच्या तोफखाना सरावक्षेत्रात येतो. तिकीट नाही म्हणजे किल्ला सर्वांना खुला, हा समज इथे जिवावर बेतू शकतो. लष्कराची आगाऊ परवानगी लागते. परदेशी पाहुण्यासाठी ती गृहीत धरू नये. वाटेत दिसलेल्या धातूच्या तुकड्याला हात लावू नये. निराश होण्याचे कारण मात्र नाही. दिंडोरी रस्त्याकडचा रामशेज किल्ला आशेवाडीतून सहज चढता येतो. लाकडी मनोऱ्यांचे किल्ले पाहिलेल्या पाहुण्याला हा कातळ आवर्जून दाखवावा: १६८२पासून कित्येक वर्षे तो मोगलांना दाद देत नव्हता.