वेळासची पुळण

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकास, सावित्री नदीच्या मुखाजवळ, वेळास हे लहानसे गाव आहे. नाना फडणीसांचे गाव म्हणून इतिहासात त्याची ओळख आहे. गावापुढील पुळण मात्र शांत, एकाकी. सुरूचे बन ओलांडले की समुद्राच्या गाजेखेरीज दुसरा आवाज कानी पडत नाही.

पहाटे ओहोटी लागली असता येथे यावे. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली असते. ही इवल्या खेकड्यांची करणी. वाळूतील अन्नकण खाऊन उरलेल्या वाळूची ते गोळी करून टाकतात. भरतीची वेळ सांगण्यास कोकणातील जुन्या माणसांना कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करावी, की झाले! चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. हिशेब ढोबळ खरा, पण बहुधा चुकत नाही.

हिवाळ्यात कधी कधी पाण्यापासून वर गेलेली रुंद, दुपदरी खूण आढळते. रात्री ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण येऊन गेली, असे तेव्हा समजावे. भरतीच्या रेषेपलीकडे ती मागील पायांनी सुरईसारखा खड्डा खणते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटून अंगाने चोपते आणि समुद्रात परतते. पुढे ती त्या अंड्यांकडे फिरकत नाही.

पूर्वी ही अंडी माणसेच उकरून नेत. कोल्ही-कुत्री होतीच. २००२ पासून चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे रक्षण आरंभिले. अंडी कुंपणातील वाळूत हलविली जातात. परंतु हे काम काही तासांतच करावे लागते. उशीर झाल्यावर अंडे उलटले, तर आतील जीव दगावतो. म्हणून वरची बाजू वरच ठेवून, एकेक अंडे अलगद उचलतात. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरते. ऊब अधिक असली तर माद्या अधिक.

सुमारे पन्नास दिवसांनी वाळू हलू लागते. तळहातावर मावतील अशी पिल्ले बाहेर पडतात व उजेडाच्या दिशेने धावतात. रात्री सर्वांत उजळ दिसतो तो समुद्र. किनाऱ्यावर दिवे असले तर मात्र ती वाट चुकतात. सोडताना त्यांना कोणी पाण्यात ठेवीत नाही. थोडे अंतर त्यांनी स्वतः चालावे लागते. पहिली लाट काहींना उलथून मागे फेकते. ती सावरतात आणि पुन्हा पाण्याकडे चालू लागतात.