दवबिंदूची काचबाग व तिचे पाणी
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञान)



कोकणातील कातळसड्यांवर पावसाळ्यात दवबिंदू नावाची लहानशी कीटकभक्षक वनस्पती उगवते. तिच्या पानांवरील तांबूस केसांच्या टोकांशी चिकट द्रवाचे थेंब असतात. त्यांवर बसलेला किडा अडकतो, केस त्याच्याकडे वाकतात आणि पान त्याचा रस शोषून घेते. कातळावरील मातीत नत्र फार थोडे. ती उणीव ही वनस्पती किड्यांपासून भरून काढते. मुळांना मात्र स्वच्छ पाण्याखेरीज फारसे काही नको असते. प्रस्तुत पाठाचे मर्म हेच होय.

१९९८ च्या पावसाळ्यात, घाटावरील एका शाळेत शिक्षक असताना, मी अशी काचबाग केली होती. बरणीत शेणखत घातले, रोज विहिरीचे पाणी दिले आणि झाकण घट्ट लावले. थोड्याच आठवड्यांत सर्व रोपे काळी पडली. “गुरुजी, रोज पाणी घातले, तरी ती का मेली?” असे एका विद्यार्थिनीने विचारले. “उपाशी राहिली असतील,” असे मी सांगून टाकले. ते उत्तर चुकीचे होते. खताने व पाण्यातील क्षारांनी ती मेली होती.

साहित्य : रुंद तोंडाची काचेची बरणी, धुतलेले गारगोटीचे खडे, नदीची धुतलेली वाळू, नारळाच्या काथ्याचा भुसा व पावसाचे पाणी. खाडीची वाळू, चुनखडीचे खडे व कोणतेही खत वापरू नये.

पाणी साठविणे : पहिल्या काही सरी सोडून द्याव्यात. पुढील पाणी मोकळ्या जागी स्वच्छ बादलीत धरावे. सिमेंटच्या गच्चीवरचे घेऊ नये, त्यात चुना उतरतो. ते काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात झाकून ठेवावे, म्हणजे डासांची पैदास होणार नाही. तांब्या-पितळेची भांडी टाळावीत.

रचना : तळाशी दोन बोटे खड्यांचा थर द्यावा. भुसा पावसाच्या पाण्यात तीन-चार वेळा धुऊन पिळावा, समभाग वाळूत मिसळावा व खड्यांवर चार बोटे पसरावा. पावसाळा सरताना पिकलेल्या एक-दोन बोंडांतील बी कागदी पुडीत कोरडे ठेवावे आणि पुढील जूनमध्ये या थरावर भुरभुरावे. बी मातीने झाकू नये; त्याला उजेड लागतो. बी घेण्यापूर्वी जागेच्या मालकाची संमती घ्यावी. रोप मुळीच उपटू नये, आणि कास पठारासारख्या संरक्षित स्थळावरून बीसुद्धा आणू नये.

पाणी देण्याची रीत : खड्यांच्या थराच्या वरच्या कडेशी बरणीवर बाहेरून रेघ ओढावी. पाणी त्या रेघेपर्यंतच असावे. ते कडेने हळूहळू सोडावे. पानांवर ओतल्यास चिकट द्रव धुऊन जातो. बरणीला छिद्र नसल्यामुळे जादा पाणी बाहेर जात नाही, हे ध्यानात ठेवावे. बी रुजेपर्यंत झाकण अर्धवट ठेवावे, नंतर काढावे. बरणीला सकाळचे कोवळे ऊन द्यावे. दुपारच्या उन्हात झाकलेली बरणी भट्टीसारखी तापते.

प्रयोग : दोन स्वच्छ ताटल्यांत एकेक चमचा विहिरीचे व पावसाचे पाणी घ्यावे. शिक्षकाने स्वतः ते मंद आचेवर आटवावे. विहिरीच्या पाण्यामागे बहुधा पांढरे कडे उरते. पावसाच्या पाण्यामागे जवळजवळ काहीच नाही. बरणीतही हेच घडते : पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहून साचत जातात.

निरीक्षण : चार्ल्स डार्विन यांनी १८७५ साली कीटकभक्षक वनस्पतींवर ग्रंथ प्रसिद्ध केला. दवबिंदूच्याच जातीबांधव वनस्पतीच्या पानांवर त्यांनी दूध, मांस व अंड्यातील पांढरा भाग ठेवला, तेव्हा केस वाकले. साखर, चहा यांनी वाकले नाहीत. मुलांनी एका पानावर मोहरीहून लहान असा उकडलेल्या अंड्याचा पांढरा कण व दुसऱ्यावर साखरेचा कण ठेवावा. काय होईल ते आधी लिहून ठेवावे, मग पाहावे.

स्वाध्याय :
१. डार्विन यांनी वापरलेल्या पदार्थांपैकी कोणत्या पदार्थांत नत्र असते?
२. कातळावर पावसाचे पाणी वाहून जाते. बरणीत ते साचते. यामुळे क्षारांच्या बाबतीत काय फरक पडेल?

एखादी बाग मेली तरी पाठ वाया गेला असे समजू नये. कारण मुलांसह शोधावे. ठाऊक नसल्यास तसे सांगावे. मी त्या मुलीला तसे सांगावयास हवे होते.