आधी चिंचोके जमव

चि. सोनाली हिस,


तुझी खरेदीची यादी पाहिली. फ्लॅशकार्डं, लाकडी ठोकळे, मणी, भिंतीवरचे तक्ते. हे सगळं घेतलंस तर पहिला पगार तिथेच संपेल, आणि बालवाडीत पगार किती मिळतो ते मला कोणी सांगायला नको. यादी बाजूला ठेव आणि आधी डबाभर चिंचोके जमव.

चार वर्षांचं पोर एक ते दहा घडाघडा म्हणतं, पण ‘पाच चिंचोके दे’ म्हटलं की मूठभर उचलून देतं. म्हणून दोघांना समोरासमोर बसव, एकेक मूठ भरायला सांग आणि कोणाचे जास्त ते आधी अंदाजाने बोलू दे. मग जोड्या लावायला सांग: तुझा एक, माझा एक. ज्याला मोजता येत नाही तोही सांगतो कोणाचे उरले ते. पुढे चिंचोके फोडून चार डाळिंब्यांचे फासे कर. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ; तुमच्याकडे वेगळी रीत असेल तर ती चालव. थोड्याच दिवसांत पोरं तीन पांढरे बोट न लावता, नुसत्या नजरेने ओळखू लागतील.

एखादा द्वाड चिंचोका फरशीवर घासून शेजारणीच्या दंडाला चटका देईलच. त्याला दटाव आणि लगेच सगळ्यांना घासायला बसव. खडा तापतो का? काडी? आपले तळहात? कशाने तापलं ते तू सांगू नकोस. उत्तर सांगून टाकायची तुला घाई फार, लहानपणापासूनच.

एक मात्र सांभाळ. पोरं धाकटी भावंडं बरोबर आणतात आणि तीन वर्षांखालचं मूल चिंचोका नाकात घालतं. मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. तेवढीच मोजणीही होते.

साधनांवाचून कसं चालेल म्हणशील, तर बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडकांकडे बघ. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्या माँटेसोरी पद्धत शिकल्या आणि ती त्यांनी राबवलीही. पण 1945 साली बोर्डीला बालवाडी काढल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी महागडी साधनं धरून ठेवली नाहीत. शिंपले, बिया, पानं, माती यांवर काम भागवलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली, गुरांमागे जाणाऱ्यांसाठी कुरणातही. त्यांच्यापुढे तुझी गैरसोय ती काय!

पालक मात्र जूनपासूनच ‘अजून अ-आ का लिहीत नाही’ म्हणून मागे लागतील. तिथे नमू नकोस. साडेतीन वर्षांच्या बोटांत पेन्सिल धरून अक्षरं काढायचं बळ नसतं, आणि ते गिरवून गिरवून येत नाही. मटार सोलू दे, चिखलाचे लाडू वळू दे, कागद फाडू दे, कापसाच्या वाती करू दे. सकाळी आणि दुपारी अंगणात उभं करून एकमेकांची सावली खडूने आखायला लाव. रेघ मारायला हात आपोआप वळतो, आणि सावली आखूड का झाली यावरून भांडणही होतं. भांडू दे.

वहिनी आता चिंचा फोडायला बसेल, तिला चिंचोके टाकू नको म्हणावं. आणि पहिल्या पालकसभेत भाषण करू नकोस, आलेल्या आयांना चार फासे देऊन डावाला बसव.

तुझी,
आत्या