घरातील ऊन

वैशाखातील दुपार. कोल्हापूरजवळील गडमुडशिंगीच्या शिवारात उसाची पाती उन्हाने मलूल होतात, गल्ल्या सामसूम पडतात. करवीर तालुक्यातील या गावी बारा वाजून गेले, की जो तो घर जवळ करतो. ऊन बाहेर राहिले, आपण सावलीत आलो, असे प्रत्येकास वाटते. परंतु ऊन खरोखरच बाहेर राहते काय?

वर्तमानपत्रात दिलेले तापमान वेधशाळेत मोजलेले असते. तेथील तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या हवेत ठेवलेला असतो. सपाट प्रदेशात कमाल तापमान निदान ४० अंश सेल्सिअस असून ते नेहमीपेक्षा ४.५ अंशांनी वाढले, म्हणजे उष्णतेची लाट आली असे मानतात. पण हा आकडा त्या पेटीतील हवेचा! पत्र्याखाली पाळण्यात निजलेल्या बाळाभोवतीची हवा किती तापली आहे, हे त्यावरून कसे कळावे?

अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांपर्यंत चढला. त्या दिवसांत तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात उष्णतेने आजारी झालेली नवजात अर्भके मोठ्या संख्येने दिसू लागली. ही बालके उन्हात गेलेली नव्हती. बाळंतिणींचा विभाग इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर होता आणि वरचे छप्पर दिवसभर तापत होते. पुढे तो विभाग खालच्या मजल्यावर हलविण्यात आला, तेव्हा अशा आजारी बालकांची संख्या घटल्याचे अभ्यासकांना आढळले. थंड हवेच्या कॅनडा देशातही, ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, २०२१ सालच्या लाटेत ६१९ माणसे दगावली. त्यांपैकी शंभरात अठ्ठ्याण्णव जणांना मृत्यूने गाठले ते घरात किंवा इमारतीच्या आत. त्यांत वृद्ध आणि एकटे राहणारे पुष्कळ होते.

असे संशोधन केवळ मोठ्यांनीच करावे असे नाही. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेत मुलांनी आपल्या परिसरातील प्रश्न स्वतः तपासून मांडले आहेत. गडमुडशिंगीच्या विद्यार्थ्यांनी हा प्रश्न हाती घेतला, तर त्यांना तीन घरे निवडावी लागतील: एक जाड मातीच्या भिंतींचे कौलारू, दुसरे पत्र्याचे, तिसरे स्लॅबचे. घरमालकांची अनुमती प्रथम घ्यावी, हे सांगावयास नकोच.

प्रारंभी सर्व तापमापक एकाच जागी ठेवून ते सारखेच अंश दाखवितात ना, हे पाहावे लागेल. ही पायरी गाळली, तर पुढचे सारे श्रम व्यर्थ होतील. नंतर ते भिंतीला न टेकवता, चुलीपासून दूर, एकाच उंचीवर टांगावयाचे आणि सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी नोंद करावयाची.

पत्रा पातळ असतो. तो ऊन लागताच तापतो, खाली उष्णता फेकतो आणि सूर्य मावळल्यावर लवकर निवतो. स्लॅबची गोष्ट निराळी. तो दिवसभर उष्णता साठवितो आणि दिवेलागणीनंतर ती हळूहळू सोडू लागतो. म्हणून अंगणात वारा सुटला तरी खोलीतील माणसाला झोप लागत नाही. मातीच्या जाड भिंतीतून उष्णता आत येण्यास फार वेळ लागतो, आणि कौलांच्या फटींतून वर चढलेली ऊन हवा निघून जाते. जुन्या घरातील माजघर दुपारी गार लागते ते यामुळेच. अर्थात त्या घरात उजेड कमी, आणि दरवर्षी कौले चाळण्याचा व्याप मोठा.

केवळ पाऱ्याकडे पाहून मात्र भागत नाही. घाम सुकतो तेव्हा शरीर निवते. हवा दमट असली तर तो सुकत नाही. हवा ४० अंशांहून अधिक तापली, तर पंखाही गरम वाराच अंगावर आणतो. म्हणून वहीत तापमानाच्या रकान्याशेजारी आणखी काही रकाने आखावे लागतील. रात्री झोप केव्हा लागली? दुपारी पाणी किती वेळा प्यायले? आजी कोठे बसल्या होत्या, सोप्यात की परड्यातल्या झाडाखाली? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोणताही तापमापक देत नाही. ते आजींनाच विचारावे लागते, आणि तेही भर दुपारी, त्यांच्या शेजारी बसून.