दफ्तर मिटण्याची वेळ

मार्च २०२० मधील टाळेबंदीच्या आरंभापासून महामारीच्या काळात मला आलेल्या पत्रांत आणि दवाखान्यात समक्ष भेटलेल्या रुग्णांत विद्यापीठांतील प्राध्यापक, कक्ष अधिकारी, लिपिक, ग्रंथपाल व शिपाई यांची संख्या सातत्याने वाढत गेली. आणि त्यांपैकी पुष्कळांची तक्रार प्रत्यक्ष कोरोना विषाणूच्या संसर्गाविषयी नसून मान व खांदे भरून येणे, डोळ्यांची जळजळ, मध्यरात्र उलटल्यावर येणारी जाग, कारणावाचून भडकणारा संताप आणि सकाळी उठल्याबरोबर जाणवणारा शीण यांविषयी असे. ही लक्षणे सुटी सुटी पाहिली तर किरकोळ वाटतात व त्यांवर सुटी सुटी औषधेही घेतली जातात. परंतु त्यांच्या मुळाशी मला बहुधा एकच कारण आढळते, आणि ते असे की या कर्मचाऱ्यांच्या कामाला आरंभ उरला आहे, समाप्ती उरलेली नाही. म्हणून आजचा माझा सल्ला कोणत्याही गोळीविषयी नसून दिवसाचे काम कोणत्या घटकेस थांबवावे आणि ते थांबवण्याची तजवीज कोणी व कशी करावी, याविषयी आहे.

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ही महामारी असल्याचे जाहीर केले व २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी अमलात आली. त्यानंतर विद्यापीठाचा कारभार पाहता पाहता कर्मचाऱ्यांच्या बैठकीच्या खोलीत येऊन बसला. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या वाट्याला तर अंतिम वर्षाच्या परीक्षांचा प्रश्न आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने ६ जुलै २०२० रोजी या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याव्यात असे सांगितले. राज्य शासनाचा निर्णय परीक्षा न घेण्याच्या बाजूचा होता. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २८ ऑगस्टला निकाल लागला की परीक्षेवाचून अंतिम वर्षाची पदवी देता येणार नाही, राज्यांना मुदत मात्र वाढवून मागता येईल. मग थोड्याच आठवड्यांत लक्षावधी विद्यार्थ्यांच्या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन, बहुपर्यायी प्रश्नांच्या रूपाने घेण्याचे कर्तव्य परीक्षा विभागांवर येऊन पडले. वैद्यकीय दृष्टीने या हकिकतीतील महत्त्वाची गोष्ट ही, की माणसाला कष्टांपेक्षा अनिश्चितता अधिक थकवते. जे काम किती आहे आणि केव्हा संपणार आहे हे ठाऊक असते, ते मोठे असले तरी शरीर त्यासाठी सिद्ध होते. परंतु आज काढलेले परिपत्रक उद्या फिरवावे लागेल या जाणिवेत महिनोन्महिने काढणारा मनुष्य प्रत्यक्ष काम करीत नसतानाही सावध राहतो, आणि ही अखंड सावधता त्याची झोप, त्याचा रक्तदाब व त्याचा स्वभाव या तिन्हींवर परिणाम करते.

शरीराचा यामागील व्यवहार थोडक्यात सांगतो. कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक निरोगी माणसाच्या रक्तात पहाटेच्या सुमारास वाढते व रात्री उतरते. त्याच वेळी अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे निद्रेस अनुकूल असे संप्रेरक स्रवू लागते. रात्री साडेदहा वाजता भ्रमणध्वनीवर ‘उद्या सकाळपर्यंत माहिती सादर करावी’ असा निरोप वाचणाऱ्याच्या बाबतीत पडद्याचा उजेड आणि निरोपातील तगादा या दोन्ही गोष्टी मिळून हा क्रम बिघडवतात. पूर्वी कचेरी सुटल्यावर बसथांब्यापर्यंत चालणे, वाटेत भाजी घेणे, सहकाऱ्याशी दोन शब्द बोलणे, यांत जो अर्धा-पाऊण तास जाई तो आपण वाया गेलेला समजत होतो. वस्तुतः त्याच अवधीत नाडी मंदावत असे व मन एका भूमिकेतून दुसऱ्या भूमिकेत उतरत असे. घरून काम करणाऱ्याचा तो अवधी नाहीसा झाला आहे, तो आता बुद्धिपुरस्सर निर्माण करावा लागेल.

हे केवळ सुखासीनतेचे बोलणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी मे २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तपुरवठा खुंटल्यामुळे होणाऱ्या हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो. त्याचप्रमाणे रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ११ व्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ या अवस्थेची नोंद व्याधी म्हणून नव्हे, तर व्यवसायाशी निगडित घटना म्हणून केलेली आहे; शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा अथवा कडवटपणा वाटू लागणे आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना, ही तिची तीन लक्षणे होत. याचा अर्थ असा की हिच्यावरील उपाय रुग्णाच्या शरीरात जितका शोधावयाचा, तितकाच त्याच्या कामाच्या रचनेतही शोधावयाचा असतो.

आता प्रत्यक्ष उपचार. पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपचार म्हणजे दफ्तर मिटण्याची वेळ ठरवणे. सहा म्हणा, साडेसहा म्हणा; परंतु ती कुटुंबीयांना व सहकाऱ्यांना आधी कळवून ठेवा. त्या वेळेच्या १५ मिनिटे अगोदर उद्याच्या कामांची यादी कागदावर उतरवा, कारण लिहून ठेवलेले काम रात्री मनात घोळत नाही. मग संगणक बंद करून नजरेआड ठेवा, कपडे बदला आणि २० मिनिटे चालून या. निकालाच्या अथवा परीक्षेच्या दिवसांत हे पाळणे शक्य होत नसेल तर विभागातील मंडळींनी पाळ्या लावून घ्याव्यात, म्हणजे एका रात्री एकच जण फोनवर हजर राहील व बाकीच्यांना निश्चिंतपणे झोपता येईल.

दुसरा उपचार डोळ्यांचा. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते व त्यामुळे डोळे कोरडे पडतात. यास्तव दर २० मिनिटांनी २० फूट दूरच्या वस्तूकडे २० सेकंद पाहावे आणि त्या वेळी पापण्या मुद्दाम मिटाव्यात. चाळिशी उलटलेल्यांनी चष्म्याचा क्रमांक तपासून घ्यावा. अनेकांची डोकेदुखी तेवढ्याने थांबते. तिसरा उपचार मान व पाठीचा. पलंगावर मांडी घालून व्याख्यान देऊ नये. पाय जमिनीला टेकतील अशा खुर्चीवर बसावे, लॅपटॉपखाली चार-पाच जाड ग्रंथ ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीस आणावी, कळफलक वेगळा घ्यावा आणि दर अर्ध्या तासाने उभे राहावे. आठवड्यास एकूण १५० मिनिटे तरी दम थोडा वाढेल असा व्यायाम प्रौढांनी करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या नोव्हेंबर २०२० च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. संध्याकाळचे २० मिनिटांचे चालणे भरभर केले, तर त्याचा मोठा भाग तेवढ्यातच भागतो.

चौथा उपचार निद्रेचा. फोन शयनगृहाबाहेर ठेवावा, गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे, दुपारी चारनंतर चहा-कॉफी वर्ज्य करावी आणि उशिरा झोपलो तरी उठण्याची वेळ बदलू नये. पाचवी गोष्ट औषधांची. महामारीत संसर्गाच्या भयाने रुग्णालयात जाणे टाळल्यामुळे रक्तदाब व मधुमेहाच्या कित्येक जुन्या रुग्णांची तपासणी वर्षभर झाली नाही. घरच्या यंत्रावर रक्तदाब पुनःपुन्हा १४० वर ९० पेक्षा अधिक येत असेल तर विलंब न लावता डॉक्टरांना दाखवा. ज्यांना कोविडच्या उपचारांत स्टेरॉइड द्यावी लागली, त्यांनी रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी. कोविडमधून उठलेल्यांनी केवळ रजा संपली म्हणून पूर्ण भाराने कामावर रुजू होऊ नये. आरंभी अर्धा दिवस काम करावे, आणि चालताना धाप, छातीत दुखणे किंवा ऑक्सिजनचे प्रमाण ९४ च्या खाली जाणे यांपैकी काही आढळल्यास तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी.

विद्यापीठात सर्वांचे ओझे मात्र सारखे नाही, हे येथे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ज्या प्राध्यापिकेची मुले त्याच घरात, त्याच वेळी शाळेचे ऑनलाइन वर्ग करीत असतील, तिला वेळापत्रक पाळण्याचा उपदेश करणे अपुरे आहे. तिच्या पतीने व घरातील इतर प्रौढांनी स्वयंपाक, मुलांचा अभ्यास आणि वृद्धांची शुश्रूषा यांतील ठरावीक वाटा नेमाने उचलला पाहिजे, आणि ही बाब मी तिच्या आरोग्याचा भाग म्हणूनच सांगत आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या अध्यापकाची निद्रा तर अधिक कामामुळे नव्हे, काम व मानधन दोन्ही थांबल्यामुळे उडालेली असते. त्याला श्वसनाचे व्यायाम सुचवताना त्याचे थकलेले मानधन विनाविलंब देणे हा खरा उपचार आहे याचा विसर पडू नये. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, शिपाई व वसतिगृहांतील कर्मचारी यांना घरून काम करण्याची सवलत मुळात मिळालीच नाही. त्यांच्यासाठी चांगल्या मुखपट्ट्या, उघड्या खिडक्यांच्या हवेशीर खोल्या, लशीच्या दोन्ही मात्रांसाठी पगारी सुटी आणि डबा खाण्यासाठी अंतर राखून बसता येईल अशी जागा यांचा बंदोबस्त आधी व्हावयास हवा होता, कारण कचेरीतील संसर्ग पुष्कळदा मुखपट्टी उतरवून एकत्र जेवताना पसरे.

मनाविषयी दोन शब्द. महामारीच्या काळात अनेक विभागांनी आपला सहकारी गमावला, आणि पूर्वीप्रमाणे अंत्यदर्शनास जाणे, घरच्यांना भेटणे, शोकसभेत एकत्र बसणे यांपैकी काहीच घडू शकले नाही. व्यक्त न झालेला शोक अंगावर दुखणे होऊन येतो. गेलेल्याच्या कुटुंबाला फोन करा, पत्र लिहा, निवृत्तिवेतनाच्या व विम्याच्या कागदपत्रांत त्यांना हाताशी धरा. यातून त्यांचे दुःख हलके होते आणि आपलेही. उदासी, झोप न लागणे, कशातही रस न वाटणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मनोविकारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नका. हे आजार उपचारांनी बरे होतात. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलून दाखवले तर ते बोलणे हलके न घेता त्याला एकटे ठेवू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

अखेरीस कुलगुरू, कुलसचिव, प्राचार्य आणि विभागप्रमुख यांना माझी विनंती आहे. आपल्या कर्मचाऱ्यांचा रक्तदाब काही अंशी आपल्या हातात आहे. सायंकाळी सुचलेला हुकूम लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कचेरीच्या वेळेत पाठवा. तातडीचे म्हणजे काय, याची व्याख्या लेखी परिपत्रकाने ठरवून द्या. आजारी माणसाची रजा मंजूर करताना त्याला कागदासाठी खेटे घालावयास लावू नका. आणि आपण स्वतः ठरल्या वेळी काम थांबवून दाखवा, कारण वरिष्ठ रात्री जागे असले की कनिष्ठाला झोपण्याचे धैर्य होत नाही. वाचकांना सांगणे इतकेच, की महामारी केव्हा संपेल हे आपल्या अधीन नव्हते, आजचे काम केव्हा संपवावे हे पुष्कळ अंशी आहे. ती वेळ आजच ठरवा, घरात सर्वांना सांगा आणि पुढील एक महिना औषधाच्या मात्रेइतक्या काटेकोरपणे पाळा. त्यानंतरही वरील लक्षणे राहिली, तर आपल्या डॉक्टरांना भेटण्यास अनमान करू नका.